चंद्रावर पुन्हा का जावे?

चंद्रावर पहिले पाऊल कोणी ठेवले, असा प्रश्न वर्गात विचारला तर सातवीतील मुलगाही नील आर्मस्ट्राँगचे नाव सांगतो आणि २० जुलै १९६९ ही तारीखही बहुधा बरोबर लिहितो. परंतु चंद्रावरून शेवटचा माणूस केव्हा निघाला आणि तो कोण, असे विचारले असता विद्यार्थीच काय, शिक्षकही क्षणभर थांबतात. १४ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो-१७ या मोहिमेचा प्रमुख यूजीन सर्नन शिडी चढून आपल्या यानात शिरला. त्यानंतर चंद्राच्या मातीवर माणसाचे पाऊल उमटलेले नाही. साडेतीन वर्षांत सहा वेळा उतरून बारा माणसे तेथे वावरली आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तेथे कोणीच उतरले नाही. नवी भूमी गवसावी आणि लगेच दोन पिढ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवावी, हे वरवर पाहता चमत्कारिकच वाटते.

आता पुन्हा तिकडे जाण्याच्या योजना आखल्या जात आहेत. अमेरिकेच्या 'आर्टेमिस' योजनेचे पहिले, माणूस नसलेले उड्डाण नोव्हेंबर २०२२ मध्ये झाले. २०३० पूर्वी आपली माणसे चंद्रावर उतरविण्याचा संकल्प चीनने जाहीर केला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत सरकारनेही २०४० पर्यंत भारतीय मनुष्य चंद्रावर पाठविण्याचे उद्दिष्ट सांगितले. तेव्हा जाता येईल काय, हा प्रश्न मागे पडला असून जावे काय आणि कशासाठी, हा प्रश्न पुढे आला आहे. तो केवळ तंत्रज्ञांचा नव्हे. लोकांचा पैसा कोठे खर्चावा आणि पुढील पिढीपुढे कोणता आदर्श ठेवावा, यांच्याशी त्याचा संबंध असल्यामुळे तो शिक्षकांचा आणि साहित्यसेवकांचाही आहे. त्याचा यथामति विचार करण्याचे आम्ही प्रस्तुत लेखात योजिले आहे.

पहिल्या वेळी का गेले?

पुन्हा जाण्याचा विचार करण्यापूर्वी जाणे का थांबले, हे पाहणे अगत्याचे आहे. १२ एप्रिल १९६१ रोजी रशियाचा यूरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. त्यानंतर दीड महिन्यातच, २५ मे रोजी, दशक संपण्यापूर्वी माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणण्याचे ध्येय अध्यक्ष केनेडी यांनी अमेरिकन लोकसभेपुढे ठेवले. या दोन तारखांतील अंतर पाहिले म्हणजे प्रेरणा कोठून आली, ते निराळे सांगावयास नको. या कार्यासाठी सुमारे चार लाख माणसे राबली. १९६६ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या एकूण खर्चापैकी चार टक्क्यांहून अधिक रक्कम अंतराळ संस्थेकडे गेली. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरील चाचणीतच यानात आग लागून तीन अंतराळवीर प्राणास मुकले. एवढी किंमत देऊन मिळविलेली गोष्ट मिळताच सोडून का दिली?

आमच्या मते याचे उत्तर ध्येयाच्या स्वरूपातच आहे. प्रतिस्पर्ध्याच्या आधी पोहोचणे हेच ज्या प्रवासाचे प्रयोजन, तो प्रवास पोहोचताक्षणीच संपतो. आर्मस्ट्राँग परत आल्यानंतर वर्ष उलटते न उलटते तोच, १९७० साली, पुढच्या तीन आखलेल्या मोहिमा रद्द झाल्या आणि उरलेले प्रचंड अग्निबाण पुढे प्रदर्शनाची वस्तू होऊन बसले.

या काळातील आणखी एक प्रसंग विसरण्याजोगा नाही. अपोलो-११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ ॲबरनाथी हे गरीब निग्रो कुटुंबांचा एक मेळावा आणि खेचरांच्या गाड्या घेऊन उड्डाणकेंद्राच्या दारी गेले. चंद्रावर जाण्याइतके द्रव्य असलेल्या राष्ट्रात मुले उपाशी का, असा त्यांचा सवाल होता. अंतराळ संस्थेचे प्रमुख टॉमस पेन स्वतः त्यांना सामोरे गेले. हे उड्डाण रद्द केल्याने तुमचे दुःख निवारण होणार असेल, तर आम्ही ते रद्द करू, अशा आशयाचे ते बोलले. दोघांच्याही बोलण्यात सौजन्य होते. पण सवालाचे उत्तर मात्र त्या दिवशी मिळाले नाही, आणि आजही तो आपल्यापुढे उभा आहे.

काय हाती आले?

स्पर्धेपोटी गेले म्हणून काहीच साधले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलोग्रॅम दगडमाती आणली. त्यात 'ॲनॉर्थोसाइट' नावाचा पांढुरका, हलका खडक होता. दूध तापून निवताना साय वर यावी, तसा हा खडक एके काळी वितळलेल्या द्रवावर तरंगून आला असावा, असे अनुमान निघाले. म्हणजे आरंभी चंद्राचा पृष्ठभाग वितळलेल्या शिलारसाचा समुद्र होता. पुढे या नमुन्यांतील प्राणवायूच्या अणूंचे प्रमाण पृथ्वीवरील प्रमाणाशी विलक्षण जुळते, असे आढळले. बाल्यावस्थेतील पृथ्वीवर दुसरा एक मोठा गोल आदळला आणि त्या आघातात उडालेल्या द्रव्यापासून चंद्र बनला, ही आज बहुतेक शास्त्रज्ञांस मान्य असलेली कल्पना या पुराव्यांच्या आधारेच पुढे आली.

येथे चंद्राचे पृथ्वीच्या दृष्टीने महत्त्व ध्यानी घ्यावे. वारा, पाऊस आणि भूकवचाच्या हालचाली यांनी पृथ्वीच्या पहिल्या पन्नास कोटी वर्षांचे दप्तर जवळजवळ नष्ट केले आहे. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. म्हणून आपल्या घरचे हरवलेले कागद शेजाऱ्याच्या माळ्यावर सापडावेत, तसा पृथ्वीच्या बालपणाचा वृत्तान्त चंद्रावर शोधावा लागतो.

अपोलो-१७ मध्ये सर्ननबरोबर हॅरिसन श्मिट हा भूशास्त्रज्ञ होता. चंद्रावर उतरलेल्या बारा जणांत पेशाने शास्त्रज्ञ असलेला तो एकटाच, आणि तोही अखेरच्या मोहिमेत! 'शॉर्टी' नावाच्या विवराच्या काठी करड्या धुळीत त्यास नारिंगी रंगाची माती दिसली. ती ज्वालामुखीतून उडालेल्या काचेच्या सूक्ष्म मण्यांची असून साडेतीन अब्ज वर्षांहूनही जुनी आहे, असे पुढे ठरले. याच प्रकारच्या मण्यांत २००८ साली अधिक सूक्ष्म उपकरणांनी पाण्याचा अंश सापडला. तोवर चंद्र अंतर्बाह्य कोरडा मानला जात होता. त्याच मोहिमेत भरलेली एक नळी हवाबंद करून, भावी काळातील चांगल्या उपकरणांसाठी म्हणून मुद्दाम न उघडता ठेविली होती. ती २०२२ साली उघडण्यात आली. आपल्याला जे कळणार नाही ते पुढच्यांना कळेल, या विश्वासाने पन्नास वर्षे एक वस्तू जपून ठेवणे, यास आम्ही खरी विद्यानिष्ठा म्हणतो.

यंत्रे पुरेशी नाहीत काय?

पुन्हा माणूस पाठविण्यावरील पहिला आक्षेप असा की, हे काम आता यंत्रे करीत आहेत. आक्षेप वजनदार आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये निघालेल्या चांद्रयान-१ वरील उपकरणांच्या साहाय्याने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू असल्याचे सिद्ध झाले. चांद्रयान-३ चा 'विक्रम' २३ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिणेकडे सुमारे ६९ अंश अक्षांशावर अलगद उतरला. त्याच्या 'प्रज्ञान' या गाडीने तेथील मातीत गंधक असल्याचे दाखविले. या मोहिमेस सुमारे ६०० कोटी रुपये लागले. उलट, २०१२ ते २०२५ या वर्षांत आर्टेमिस योजनेवर ९३ अब्ज डॉलर खर्च होतील, असा अंदाज अमेरिकन अंतराळ संस्थेच्या महानिरीक्षकांनीच दिला होता. चीनच्या यंत्रांनी २०२० साली १,७३१ ग्रॅम माती आणली आणि जून २०२४ मध्ये तर चंद्राच्या पलीकडील, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूची मातीही पृथ्वीवर आणली. यापैकी कोणत्याही कामी माणसाचा जीव धोक्यात घालावा लागला नाही.

तथापि दुसरी बाजूही पाहावी. रशियाच्या 'लुनोखोद-२' या गाडीने १९७३ साली सुमारे चार महिन्यांत ३९ किलोमीटर अंतर कापले. सर्नन आणि श्मिट यांनी तीन दिवसांत सुमारे ३५ किलोमीटर फिरून ११० किलोग्रॅम नमुने निवडून आणले. येथे 'निवडून' हा शब्द महत्त्वाचा आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे पाहत, तेव्हा कागदांचे गठ्ठे उचलून देणारे हात त्यांना पुष्कळ मिळाले असतील. परंतु कोणता कागद मोलाचा, हे जागच्या जागी ओळखणारी दृष्टी त्यांची होती. नारिंगी माती पाहताच श्मिट थांबला, तो अशाच दृष्टीमुळे. दुसरे उदाहरण दुरुस्तीचे. हबल दुर्बिणीच्या आरशात दोष निघाला, तेव्हा डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन तिला दृष्टी दिली. अनपेक्षित गोष्ट समोर आली असता काय करावे, हे ठरविण्यात माणूस अद्याप यंत्राच्या पुढे आहे.

यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की, यंत्र आणि माणूस यांत विरोध कल्पिणे चुकीचे आहे. वाट पाहणे, मोजणे आणि अतिशीत अंधारात उतरणे ही कामे यंत्राची. निवड, अर्थबोध आणि दुरुस्ती ही माणसाची. जेथे यंत्राचे काम भागते, तेथे केवळ शोभेसाठी माणूस पाठवू नये.

भुकेचा प्रश्न

दुसरा आक्षेप ॲबरनाथी यांचाच आहे. त्यास दिले जाणारे नेहमीचे उत्तर असे की, चंद्रमोहिमा थांबल्या म्हणून दारिद्र्य संपले नाही. हे खरे असले, तरी आक्षेपाचा निरास एवढ्याने होत नाही. वाचलेला पैसा योग्य ठिकाणी गेला नाही, यावरून तो चंद्रावरच खर्चावा असे सिद्ध होत नाही.

आपल्या देशापुरते पाहावयाचे तर या बाबतीत डॉ. विक्रम साराभाई यांची भूमिका स्पष्ट होती. चंद्र, ग्रह अथवा मानवी उड्डाणे यांत धनाढ्य राष्ट्रांशी बरोबरी करण्याचे स्वप्न आपण पाहत नाही. मात्र प्रगत तंत्र समाजाच्या प्रत्यक्ष अडचणींस लावण्यात आपण कोणाच्या मागे राहता कामा नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षणाचे दूरचित्रवाणी कार्यक्रम पोहोचविण्याचा जो प्रयोग झाला, तो या दृष्टीचेच फळ होय. आज चंद्रावर माणूस पाठविण्याचा संकल्प करताना आपण त्या भूमिकेपासून पुढे आलो आहोत, हे प्रांजळपणे कबूल करावे. हे पाऊल चुकीचेच, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ते उचलताना खेड्यातील शाळेस आणि हवामानाच्या उपग्रहास मिळणारा पैसा कमी होत नाही, याची खात्री मागण्याचा हक्क नागरिकांस आहे. अनेक राष्ट्रांनी खर्च वाटून घेतल्यास आणि घाई न केल्यास हा भार सोसवण्याजोगा होईल. घाई ही स्पर्धेची गरज आहे. ज्ञानास घाई नसते.

काही दुबळी कारणे

पुन्हा जाण्याच्या समर्थनार्थ जी कारणे मोठ्या आवाजात सांगितली जातात, त्यांतील काही आम्हांस दुबळी वाटतात. चंद्राच्या मातीत हेलियम-३ हा वायू आहे आणि त्यावर पृथ्वीची ऊर्जेची भूक भागेल, असे म्हणतात. वायू आहे हे खरे. पण त्याचे प्रमाण इतके अल्प आहे की, थोड्याशा वायूसाठी मातीचे डोंगर उपसावे लागतील. शिवाय तो जाळून वीज देणारी भट्टी जगात अद्याप कोठेही चालत नाही. पृथ्वी राहण्यालायक उरली नाही तर चंद्रावर आसरा घेऊ, हे दुसरे कारण. जेथे श्वासास हवा नाही, रात्र चौदा दिवसांची आहे आणि धुळीचा कणन् कण काचेसारखा धारदार आहे, त्या जागेपेक्षा अत्यंत बिघडलेली पृथ्वीही बरी! राहता राहिली राष्ट्राची प्रतिष्ठा. ती क्षुद्र आहे, असे आम्ही म्हणत नाही. चांद्रयान-३ उतरले त्या सायंकाळी आम्हांसही आनंद झाला. परंतु केवळ प्रतिष्ठेच्या पायावर उभारलेले कार्य किती टिकते, हे १९७० सालाने दाखवून दिले आहे.

दक्षिण ध्रुवाचा धडा

मग टिकाऊ कारण कोणते? यासाठी पृथ्वीवरचाच एक दाखला आम्ही देऊ इच्छितो. नॉर्वेचा आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला. इंग्लंडचा स्कॉट जानेवारी १९१२ मध्ये तेथे गेला, तेव्हा आधीच रोवलेले निशाण त्यास दिसले, आणि परतीच्या वाटेवर तो चार सोबत्यांसह मरण पावला. शर्यत संपली. त्यानंतर ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी एक अमेरिकन विमान तेथे उतरेपर्यंत, म्हणजे तब्बल चव्वेचाळीस वर्षे, दक्षिण ध्रुवावर माणूस उभा राहिला नाही. जिंकून सोडून दिलेल्या चंद्राची कथा याहून वेगळी नाही.

परंतु दुसऱ्या वेळी माणूस ध्रुवावर गेला, तो निशाण रोवून परत येण्यासाठी नव्हे. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने १९५७-५८ मध्ये अनेक राष्ट्रांनी अंटार्क्टिकावर निरीक्षणाची केंद्रे उभारली. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी करार करून तेथे लष्करी हालचालींस बंदी केली, मालकीचे वाद गोठविले आणि संशोधनाचे निष्कर्ष सर्वांस खुले केले. वर्षानुवर्षे चिकाटीने केलेल्या मोजमापांतूनच १९८५ साली ओझोनच्या थरास पडलेले भगदाड इंग्रज शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले. तेथील बर्फ खोल खोदून आठ लाख वर्षांच्या हवामानाचा इतिहास वाचता आला. आपली पहिली मोहीमही डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली. 'मैत्री' आणि 'भारती' ही आपली केंद्रे तेथे उभी असून त्यांचे सूत्रचालन वास्को-द-गामा येथील संस्थेतून होते. पहिल्या शर्यतीत ज्यांचे नावही नव्हते, ती राष्ट्रे दुसऱ्या प्रवासात सहभागी झाली, हा या धड्यातील सर्वांत मोलाचा भाग होय.

चंद्रावर अशा चिकाटीच्या अभ्यासाचे विषय आहेत काय? निश्चित आहेत. अपोलोची सर्व याने पृथ्वीकडील बाजूस, विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात उतरली. उरलेला चंद्र माणसाने पायाखाली घातलेलाच नाही. ध्रुवाजवळील काही विवरांच्या तळाशी अब्जावधी वर्षे सूर्यकिरण पोहोचलेला नाही. तेथे उणे २०० अंशांहूनही खालच्या थंडीत बर्फ साचला आहे. ते पाणी कोठून आले, हे कळले तर पृथ्वीवरील पाण्याच्या उगमावरही प्रकाश पडेल. दुसरा विषय शांततेचा. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिची जागा निवडताना मानवी रेडिओ-कोलाहल तेथे कमी आहे, हे पाहावे लागले होते. हा कोलाहल पृथ्वीवर दिवसेंदिवस वाढतो आहे आणि अतिदीर्घ लहरी तर आपल्या वातावरणाचा वरचा थर आत येऊच देत नाही. चंद्राच्या पलीकडच्या बाजूस खुद्द चंद्राचीच आडभिंत आहे. तारे जन्मण्यापूर्वीच्या विश्वातील हायड्रोजनचा क्षीण संदेश ऐकावयाचा, तर तेथे कान लावावा लागेल. अशी यंत्रणा पसरणे आणि नीट राखणे हे काम माणसाच्या भेटीवाचून कितपत निभेल, याविषयी आम्ही साशंक आहोत.

मात्र अंटार्क्टिकास मिळालेले संरक्षण चंद्रास अजून पुरते मिळालेले नाही. १९६७ च्या करारान्वये कोणत्याही राष्ट्रास चंद्रावर मालकी सांगता येत नाही. परंतु तेथून खणून काढलेल्या वस्तूची मालकी कोणाची, याविषयी मतभेद आहेत. चंद्राची संपत्ती समस्त मानवजातीची मानणारा १९७९ चा करार अमेरिका, रशिया वा चीन यांनी स्वीकारला नाही. भारताने त्यावर १९८२ साली सही केली, पण पुढे तो पक्का केला नाही. उलट जून २०२३ मध्ये आपण अमेरिकेच्या पुढाकाराने तयार झालेल्या 'आर्टेमिस' करारात सामील झालो. ध्रुवाजवळच्या मोजक्या सोयीच्या जागा आणि मर्यादित बर्फ यांवर दोन गटांची दृष्टी खिळलेली असताना हा प्रश्न लांबणीवर टाकणे धोक्याचे आहे.

उपसंहार

तात्पर्य, माणसाने चंद्रावर पुन्हा जावे, असे आमचे मत आहे. परंतु जाण्याचे प्रयोजन पोहोचल्यावर संपणारे नसावे. यंत्रांनी आधी वाट पाहून ठेवावी आणि माणसाने विवेकाच्या कामासाठी जावे. खर्च उघड आणि वाटून घेतलेला असावा. जमिनीच्या आणि बर्फाच्या वाटणीआधी नियम व्हावेत. या अटी पाळल्या गेल्या नाहीत, तर पुन्हा काही निशाणे रोवली जातील आणि पुन्हा पन्नास वर्षे तेथे सामसूम होईल.

'माणूस चंद्रावर परत जाणार' असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः त्या वेळी गेले ते एका राष्ट्राचे बारा पुरुष. उरलेली मानवजात तेथे अजून गेलेलीच नाही, तेव्हा तिने 'परतावे' कसे? अंटार्क्टिकाप्रमाणे सर्वांस वाव देणारा प्रवास घडला, तरच त्या वाक्यातील 'माणूस' हा कर्ता सार्थ होईल. शिक्षक बंधुभगिनींस आमची एवढीच विनंती आहे की, चंद्राचा पाठ शिकविताना पहिला कोण, एवढे विचारून थांबू नये. तेथून काय आणले, त्यातून काय कळले आणि कळावयाचे काय राहिले, हेही विचारावे. २०२२ साली उघडलेली ती नळी ज्यांनी १९७२ साली बंद केली, त्यांना पुढील संशोधकांची नावे ठाऊक नव्हती. आज आपल्या वर्गात बसलेल्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत.